रेषेच्या वरचं पाणी

१

मशीननं आधी उचकी दिली, मग लांब सुस्कारा सोडला आणि गप्प झालं. काचेच्या भांड्यात कॉफीचे चार थेंब पडले आणि पाचवा नळीच्या तोंडाशीच लटकून राहिला.

"गेलं," आमची छोटी म्हणाली. छोटी म्हणजे माझी मुलगी. वास्तुशास्त्र शिकते, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण घरात अजून छोटीच.

माझे सासरे, बाबा, ओट्याजवळ उभे होते. त्यांनी मशीनच्या पाठीवर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. बाबा घड्याळजी. दुकान केव्हाच बंद केलं, पण ग्रंथालयाच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ अजून त्यांच्याच हातात आहे. दर आठवड्याला अरुंद गोल जिना आणि शेवटची लोखंडी शिडी चढून ते त्याला किल्ली देतात. गल्लीत सगळे त्यांना टिकटिकबाबा म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

दुरुस्तीवाला दुपारी आला. त्यानं मशीन उघडलं आणि आतली नळी आम्हाला दाखवली. जुन्या किटलीच्या बुडाला असतो तसा पांढरा, खरखरीत थर आत बसला होता.

"मागच्या वेळीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या नळाला क्षारांचं जड पाणी येतं. टाकीत गाळलेलंच पाणी घाला. आता साफ करून देतो, पण पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, भंगारवाल्याला बोलवा."

"माझ्या हातून नळाचा एक थेंब टाकीत गेलेला नाही," बाबा म्हणाले. "दर महिन्याला लिंबूसत्त्व घालून मशीन धुतो. कालही गाळणीच्या जगातलंच पाणी घातलं."

दुरुस्तीवाल्यानं ती नळी टेबलावर ठेवली. नळी खोटं बोलत नव्हती.

तो गेल्यावर माझा नवरा खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. कुठं काय कोसळेल याची काळजी करायचा त्याला पगार मिळतो आणि घरी तो ती फुकट करतो.

"बाबा, रागावू नका. मशीनचं काही नाही, नवीन आणू. पण तुम्ही नळाचं पाणी घालताय आणि ते तुमच्या लक्षात राहत नाहीये. उद्या मनोऱ्यात, शिडीवर असताना असंच काही विसरलात तर?"

बाबा टेबलावरचे पाण्याचे थेंब रुमालानं टिपत राहिले.

"शनिवारी मी तुमच्याबरोबर ग्रंथालयात येतो. मनोऱ्याची किल्ली परत देऊन टाकू."

मला बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्यात भर म्हणजे नवरा म्हणत होता ते मलाही पटत होतं. गेल्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते, "काल सकाळी मशीन हाताला कोमट लागलं. अजून कुणी कॉफी केलीही नव्हती." मी हसून म्हटलं होतं, "तुम्हीच एक कप करून प्यायला असाल, बाबा." छोटी हसली. नवऱ्यानं मान खाली घालून टोस्टला लोणी लावलं. बाबा मात्र हसले नव्हते. आपल्या हाताकडे बघत राहिले होते.

संध्याकाळी मी आत्यांना फोन लावला. बाबांची धाकटी बहीण. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "दादा विसरला? अगं, चौथीत मी त्याची पेन्सिल मोडली होती, ते तो अजून विसरलेला नाही. उद्या येते."

२

आत्यांचं सगळं आयुष्य विमा कंपनीत गेलं. फुटलेले पाइप, तळघरात शिरलेलं पाणी, भिंतीला आलेली ओल, असले दावे तपासायचं त्यांचं काम. खरंच नळ फुटला की मालकानंच बादली ओतली, हे त्या भिंतीवरच्या डागावरून सांगायच्या. ऑफिसात त्यांना पाणबाई म्हणत. "कुठंतरी पाणी मुरतंय, असं बाकीचे लोक नुसतं म्हणतात," त्या सांगत. "मला ते कुठं मुरतंय हेही शोधावं लागायचं."

आल्या आल्या त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बाबांना म्हणाल्या, "दादा, तू रोज करतोस ते सगळं करून दाखव. काही वगळू नकोस."

मी दारात उभी राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

बाबांनी गाळणीचा जग नळाखाली भरला आणि पाणी झिरपायची वाट पाहत उभे राहिले. पाणी खाली उतरल्यावर मशीनच्या मागच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी बाहेर काढली नाही. खांदा दुखतो म्हणून जागेवरच भरतात. जगाची चोच कडेला टेकवून त्यांनी बारीक धार सोडली आणि गुडघ्यात वाकून डोळा टाकीवरच्या रेषेच्या पातळीत आणला. धार थांबली तेव्हा पाणी रेषेला खालून बरोब्बर टेकलं होतं. केसाचाही फरक नव्हता. उरलेलं घोटभर पाणी त्यांनी ओतून दिलं आणि जग धुऊन पालथा घातला.

"जेवणं झाली की हे करतो," ते म्हणाले. "शिळं पाणी टाकीत ठेवत नाही. आधीचं काढून खिडकीतल्या कुंडीला घालतो, टाकी आतून पुसतो आणि ताजं भरतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी फक्त कॉफी घालायची आणि बटण दाबायचं."

"सकाळी पाणी कुठं असतं?"

बाबा घुटमळले. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला. "कधी रेषेवर. कधी..."

"कधी काय? सांग ना."

"कधी रेषेच्या वर."

आत्यांनी चष्मा काढला. "वर?"

"बोटभर नाही. पण वर. म्हणून तर वाटतं, दोन वेळा भरलं की काय मी? आणि मशीन कोमट लागतं ते वेगळंच. मी या घरात कुणाला हे बोललो नाही. एकदा कोमट म्हणालो तर सगळे हसले." त्यांनी टाकीचं झाकण लावलं, उगाच पुन्हा उघडलं. "तुला खरं सांगू? आता माझाच माझ्यावर भरवसा उरलेला नाही."

इतक्या वर्षांत बाबांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. घड्याळ पाच सेकंद मागे पडलं तरी ज्यांना चैन पडायचं नाही, ते स्वतःच बंद पडल्यासारखे उभे होते.

आत्यांनी भावाच्या दंडाला हात लावला. "रोज असतं वर?"

"छे. कधीमधी. मला आपलं एवढं आठवतं की त्या दिवशी सगळ्यांचे टोस्ट मलाच भाजायला लागतात, तेव्हा मी ओट्याशी जास्त वेळ असतो ना."

आत्यांनी मान हलवली, जणू फार साधं काहीतरी ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "टाकीतलं पाणी कमी झालं असतं, तर मी म्हटलं असतं टाकी गळते. पाणी उडून जातं, सांडतं, झिरपतं. सगळं करतं. पण नोकरीत इतकी वर्षं घालवली, आपोआप वाढलेलं पाणी मी अजून पाहिलेलं नाही. तुमच्या घरात कुणीतरी या टाकीला हात लावतं."

३

दुसऱ्या दिवशी आत्यांनी घरात बोलणी सुरू केली. चौकशी असं कुणाला वाटलं नाही, कारण प्रत्येकाशी बोलताना त्या काहीतरी काम करत होत्या.

छोटीबरोबर बोलताना त्यांनी तिच्या पुठ्ठ्याच्या घराला डिंक लावून दिला.

"तू पहाटेपर्यंत जागी असतेस म्हणे. कॉफी लागत असेल."

"लागते म्हणजे काय, आत्याआजी! पण मी संध्याकाळीच थर्मास भरून घेते. आणि मशीन लावलं असतं तर लावलं म्हणून सांगितलं असतं. मला कोण ओरडणार आहे?"

आत्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलावर तीन कप, खिडकीत एक, पलंगाखाली एक, त्यात वाळलेली कॉफी. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "ही नव्हे. जो कुणी मशीन वापरतो, तो भांडं धुतो, ओटा पुसतो आणि कॉफीचा चोथाही मागे ठेवत नाही. तुझ्या लेकीनं गुन्हा केला असता तर पुरावा आपल्या पायात आला असता."

मग त्या जिन्यावरच्या कुंड्यांकडे वळल्या. वरच्या मजल्यावर आमच्या भाडेकरू राहतात. पुस्तकांची भाषांतरं करतात, एकट्याच असतात. कपडे धुवायला आमचं मशीन वापरतात, म्हणून मागच्या दाराची एक चावी त्यांच्याकडे असते. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर त्यांनी ओळीनं कुंड्या मांडल्या आहेत. आत्यांनी त्यांच्याबरोबर वाळकी पानं खुडायला घेतली. मी पायरीवर बसले.

"कॉफी आवडते तुम्हाला?"

"नाव काढू नका. वासानं डोकं चढतं माझं. मी पक्की चहावाली." बाईंनी एका कुंडीतली माती बोटानं उकरली. "पण झाडांना आवडते. ही बघा, कशी तरारली आहेत. टिकटिकबाबा कॉफीचा चोथा घालतात वाटतं यांना. मी आभार मानले तर मलाच म्हणाले, कसला चोथा? आपण केलेलं सांगायचं नाही, असे साधे माणूस आहेत."

कुंडीत काळाभोर, ओलसर चोथा होता. मी आत्यांकडे बघितलं. मागच्या दाराची चावी यांच्याकडे, चोथा यांच्या कुंडीत. माझ्या मनात जे आलं ते आत्यांनी ओळखलं असावं, कारण आत जाता जाता त्या हळूच म्हणाल्या, "चोथा ज्याच्या कुंडीत सापडतो त्यानंच कॉफी प्यायली असं असतं, तर माझी नोकरी फार सोपी झाली असती."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. आत्यांनी त्याच्यासाठी कोमट पाणी आणि लिंबू आणून ठेवलं. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या छातीत धडधडायला लागलं होतं, दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं आणि कॉफी बंद केली. मी स्वतः नर्स. माझ्या घरात डॉक्टरांचा शब्द खाली पडत नाही. त्या दिवसापासून कॉफीची बरणी मी त्याच्या डोळ्यांसमोर ठेवली नाही.

"जड गेलं असेल रे, कॉफी सोडणं," आत्या म्हणाल्या.

"सवयीचा प्रश्न आहे, आत्या. आता आठवणही येत नाही." त्यानं एका दमात पाणी संपवलं. "तू बाबांशी बोललीस ना? त्यांना समजाव. मी त्यांचा वैरी नाही. त्या शिडीवरून ते पडले तर आयुष्यभर मला झोप लागणार नाही."

त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. मी त्याला ओळखते.

सगळ्यात शेवटी आत्या माझ्याकडे आल्या. मी गणवेशाला इस्त्री करत होते. त्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

"तुझी सकाळची पाळी कधी असते?"

"ठराविक नाही. कधी सकाळ, कधी दुपार."

"सकाळची असली की अंधारात निघत असशील. मग घरच्यांचा नाश्ता?"

"बाबा बघतात. टोस्ट वगैरे ते..."

इस्त्री माझ्या हातात तशीच राहिली.

"हो," आत्या म्हणाल्या. "दादा टोस्ट भाजतो, त्याच दिवशी टाकीतलं पाणी वर असतं. म्हणजे तू घरात नसतेस त्याच दिवशी." त्यांनी घडी मांडीवर सपाट केली. "उद्या कुठली पाळी?"

"उद्या सुट्टी."

"घरात कुणाला माहीत आहे?"

"नाही. आजच बदलून मिळाली."

"मग कुणाला सांगू नकोस. उद्या पहाटे गणवेश घालून निघ."

४

पहाटे मी निघाले आणि पायऱ्या उतरण्याऐवजी चढले. वरच्या बाईंनी दार उघडलं, काही विचारलं नाही आणि चहा ठेवला. आम्ही दोघी पडदे लावून बसलो. मला स्वतःच्याच घराची चोरटी पाहुणी झाल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. बाई म्हणाल्या, "मी आजवर तीन रहस्यकथांचं भाषांतर केलं, पण एकीतही मला भूमिका नव्हती."

थोड्या वेळानं खाली दाराचा आवाज झाला. मी खिडकीकडे उठले.

"आत्यांनी सांगितलंय," बाई म्हणाल्या, "की तुम्हाला बघू द्यायचं नाही. म्हणाल्या, पकडायचं नाहीये, समजून घ्यायचंय."

ऊन वर आल्यावर मी खाली गेले. काहीच घडलं नसावं असं घर दिसत होतं. ओटा कोरडा, भांडं स्वच्छ. खिडकीत आत्यांनी तीन काळ्या बशा ओळीनं उन्हात ठेवल्या होत्या. टेबलाशी नवरा आणि छोटी बसले होते. नवरा नुकताच फिरून आला होता, गाल लाल झालेले. मला बघून तो चमकला.

"तू? पाळी?"

"बदलून मिळाली."

"बस," आत्या म्हणाल्या. "वरच्या बाईंनाही बोलावलंय, त्यांच्या कुंड्यांचा प्रश्न आहे. दादाला मुद्दाम उठवलं नाही. आधी तुमच्याशी बोलायचंय."

सगळे बसल्यावर त्यांनी तीन बशा टेबलावर आणल्या.

"प्रत्येकीत चमचाभर पाणी ठेवून वाळवलं. ही पहिली, काल रात्री दादानं टाकी भरली तेव्हा टाकीतून घेतलेलं."

बशी काळीभोर, स्वच्छ होती.

"ही दुसरी, नळाचं पाणी." बशीभर पांढरी पूड, खडूनं गिरवल्यासारखी.

"आणि ही तिसरी. पुन्हा टाकीतलंच. पण आज सकाळचं."

तिसऱ्या बशीत पांढरं वर्तुळ होतं. नळाच्या पाण्याइतकं दाट नव्हतं, पण लांबून दिसेल इतकं ठसठशीत.

"रात्री निर्मळ असलेलं पाणी सकाळी क्षारांचं झालं," आत्या म्हणाल्या. "मधे दादा उठलेला नाही. मी त्याच्या खोलीत, दाराला खाट लावून झोपले होते. तेव्हा पहिली गोष्ट ही की दादा काहीही विसरलेला नाही."

छोटीनं टाळीच वाजवली. नवरा पुढे वाकला. "थांब आत्या. म्हणजे कुणीतरी मुद्दाम मशीन बिघडवतंय? बाबांना वेडं ठरवायला?"

"मला नाही वाटत. बघ तू. कुणीतरी पहाटे येतं, कॉफी करतं. म्हणून मशीन कोमट. पिऊन झाल्यावर टाकीत पाणी कमी दिसेल, म्हणून तेवढं पाणी वरून घालतं. जग रात्री पालथा घातलेला, गाळलेलं पाणी हाताशी नाही, म्हणून नळाचं. डोळा दादासारखा नाही, म्हणून रेषेच्या थोडं वर जातं. चोथा कचऱ्यात टाकला तर दिसेल, म्हणून तो घराबाहेर जातो. कुंडीत."

"पण कोण?" छोटी म्हणाली.

"इथं सगळे चुकीचा प्रश्न विचारतात. चोरी कुणी केली?" आत्यांनी चष्मा पुसला. "मी दुसराच विचारला. या घरात कॉफी प्यायची चोरी कुणाला आहे?"

५

आत्या एकेक बोट मोजायला लागल्या.

"छोटीला नाही, ती थर्मास भरून पिते. दादाला नाही. तुमच्या वरच्या बाईंना वासही सोसत नाही. सूनबाईला कोण अडवणार? आणि ती घरात नसताना हे होतं. म्हणजे ज्यानं हे केलं तो दादापासून लपवत नव्हता. दादा झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतो, त्याच्या उशाशी बँड वाजवला तरी चालेल. छोटीपासूनही नव्हता. तो फक्त एका माणसापासून लपवत होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला उत्तर कळलं होतं. पण मी नवऱ्याकडे पाहिलं तेव्हा तो आमच्यात नव्हताच. तो तिसऱ्या बशीकडे बघत होता. त्यानं बोट लावलं. बोट पांढरं झालं.

"दोन कप पाण्यानं?" तो म्हणाला. आवाज कुजबुजीसारखा झाला होता. "नुसत्या दोन कप नळाच्या पाण्यानं एवढं होतं?"

"एका दिवसात नाही," आत्या म्हणाल्या. "सहा महिन्यांत होतं. मी दोन कप म्हणाले नव्हते रे, बाळा."

"मला माहीत नव्हतं. आत्या, खरंच मला माहीत नव्हतं. पाणी ते पाणी, असं वाटलं मला. मी खरंच समजलो की बाबाच..." तो माझ्याकडे वळला. "फिरायला निघण्याआधी. फक्त तू नसायचीस तेव्हा. तू काळजी करतेस म्हणून..."

"काळजी करते म्हणून!" मी म्हणाले. त्याला फाडून खावं इतका राग आला होता, आणि त्याच वेळी ओल्या चोथ्याचा कागद हातात घेऊन माझा इंजिनिअर नवरा अंधारात कुंड्यांच्या आडून जातोय, हे डोळ्यांसमोर येऊन हसूही फुटत होतं. वरच्या बाईंनी पदरात तोंड लपवलं.

पण आत्या हसत नव्हत्या. "क्षाराचं तुला माहीत नव्हतं, मान्य. पण दादा म्हणाला होता, मशीन कोमट लागतं. तेव्हा तुला माहीत होतं."

नवऱ्याचा चेहरा उतरला.

"हो," तो म्हणाला. "तेव्हा माहीत होतं. सगळे हसले आणि मी गप्प बसलो. वाटलं, एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय." तो उठला. "मी त्यांना सांगतो. आत्ताच."

तो बाबांच्या खोलीत गेला आणि लगेच परत आला.

"बाबा खोलीत नाहीत."

पलंग आवरलेला होता. मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं. आम्ही बशांवर डोकी घालून बसलो होतो तेव्हा ते निघून गेले होते. दाराजवळच्या खिळ्यावर मनोऱ्याची किल्ली नव्हती.

"आज वार कुठला?" छोटीनं विचारलं.

शनिवार होता.

६

नवरा धावत सुटला. धावू नकोस म्हणून मी त्याच्या मागे धावले. दोन गल्ल्या ओलांडून, पावाच्या दुकानाला वळसा घालून चौकात पोचलो तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त धाप लागली होती.

ग्रंथालय अजून उघडलं नव्हतं. पायऱ्यांवर, उन्हाच्या तुकड्यात, बाबा बसले होते. दुकानात घालायचे तो चांगला कोट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले. मांडीवर रुमाल आणि रुमालावर किल्ली.

"तू कशाला आलास?" ते नवऱ्याला म्हणाले. "मी एकटा देणार आहे. मला कुणी हाताला धरून आणलेलं चालणार नाही."

"बाबा, ती द्यायची नाही."

"मनोऱ्याच्या मागच्या दारानं आता वर जाऊन आलो. घड्याळाला शेवटचं तेल दिलं, किल्ली दिली. महिनाभर निवांत विचार केलाय मी. माणसाला आपण काय केलं ते आठवत नसेल, तर त्यानं आपणहून उतरावं. उतरवायची वेळ आणू नये."

नवरा त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. मी थोडी दूर थांबले, पण ऐकू येत होतं.

"तुम्ही काही विसरला नाहीत. कॉफी मी पीत होतो. ही पहाटे ड्यूटीवर गेली की. टाकीत नळाचं पाणी मी घातलं. मशीन दोन्ही वेळा मी बिघडवलं."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि कोमट?"

"तेही माझ्यामुळेच. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही."

"रोज रात्री पलंगावर पडून मी दिवसभराचं मनात म्हणून बघायचो," बाबा म्हणाले. "सकाळी काय केलं, दुपारी काय केलं. परीक्षेच्या आधी पोरं म्हणतात तसं. गाळलेलं घातलं, झाकण लावलं, जग पालथा घातला. सगळं आठवायचं. तरी सकाळी पाणी वर. मग वाटायचं, जे आठवतंय तेच खोटं असेल."

नवऱ्यानं बाबांचा हात धरला. बाबांनी तो सोडवून घेतला आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारली. चांगली जोरात. पन्नाशीला आलेल्या इंजिनिअरनं ती मुकाट्यानं खाल्ली.

"गाढवा," बाबा म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे! अरे, मला आता तुझ्यावर रागावताही येत नाही नीट, इतकं बरं वाटतंय. थांब, संध्याकाळी रागावतो."

"रागवा. रोज रागवा."

"आणि प्यायचीच होती तर बाबा, मला एक कप करा म्हणायचं. माझ्याकडून गाळलेल्या पाण्याची तरी मिळाली असती. नळाच्या पाण्याची कॉफी पितोस, शरम नाही वाटत?" त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, इकडे ये. डॉक्टरांना विचार एकदा, याला दिवसाला एक कप चालेल का. चालत नसेल तर नको. पण चालत असेल तर उघड्यावर पिऊ दे बिचाऱ्याला. चोरून प्यायलेल्याचंच ओझं छातीवर जास्त."

"विचारते," मी म्हणाले. "पण आज नाही. आज याला लिंबूपाणीच."

"ते बरोबर आहे," बाबा म्हणाले.

नवरा मान वर करून मनोऱ्याकडे बघत होता. "मी कधी वर आलोच नाही, बाबा. शाळेत असताना एकदा आलो असेन. नुसता खालून घाबरत राहिलो."

"पुलाखाली लोंबकळणारा तू, आणि एका शिडीला घाबरतोस? पुढच्या वेळी ये. कुठं पाय ठेवायचा ते दाखवतो."

तेवढ्यात ग्रंथपाल बाई चाव्यांचा जुडगा वाजवत आल्या. आम्हा तिघांना पायरीवर बघून थबकल्या. बाबांचा कोट, रुमाल, किल्ली, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली.

"टिकटिकबाबा, आज इतक्या लवकर? माझ्याकडे काही काम होतं का?"

नवरा काहीतरी बोलायला उठला. बाबांनी त्याला हातानं खाली बसवलं, किल्ली रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

"हो, आहे ना," ते म्हणाले. "वरच्या वळणावर जिन्याचा कठडा हलतोय. सुतार बोलवा. पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर एक नवशिक्या येणार आहे."